एका भिंतीची शिकवणी

आळे गावच्या मळ्यात संपतच्या आणि गोरखतात्यांच्या घराची मधली भिंत एकच होती. इकडे ताट पडलं तरी तिकडे कळायचं. संपतशी लग्न होऊन आल्यावर वृषालीला पहिल्यांदा मार बसला तेव्हा ती जिवाच्या आकांतानं ओरडली होती, आणि पलीकडे टीव्हीचा आवाज मोठा झाला होता. त्यानंतर ती कधी ओरडली नाही. संपत मारायचा आणि ती दात आवळून भिंतीला टेकून बसायची.

ती घोडेगावची. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेलं, शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आत तिचं लग्न लागलं. या घरात तिच्या शिक्षणाचा उल्लेख निघायचा तो फक्त भाकरी करपली की. "कॉलेजात हेच शिकवलं का?" सासू साळुबाई विचारायची.

गोरखतात्यांची अश्विनी अकरावी सायन्सला गेली आणि फिजिक्सच्या गणितांपाशी अडली. एक दिवस ती वही घेऊन दारात उभी राहिली. "वहिनी, तुमचं फिजिक्स व्हतं ना? मला एवढं एकच सांगता?"

एकाची पुढं रोजची शिकवणी झाली. संपत पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावला गेला, की दुपारच्या वेळी दोघी पडवीत बसायच्या. साळुबाईला ते रुचत नव्हतं, पण तात्यांच्या पोरीला नाही कसं म्हणणार? ती लसूण सोलत बसायची, बोलायची नाही. वृषालीला मात्र त्या तासाभरात आपलं नाव पुन्हा आपल्याला मिळाल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी गणित होतं मनोऱ्याचं. माथ्यावरून दगड सेकंदाला दहा मीटर वेगानं सरळ वर फेकलाय, तीन सेकंदांनी खाली जमिनीवर पडतो; मनोरा किती उंच? अश्विनीनं आकडेमोड केली आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, मायनस पंधरा आलं. उंची कधी मायनस असती व्हय?"

"चुकली नाहीस. वरची दिशा प्लस कुणी धरली?"

"मीच."

"मग दगड जिथनं सुटला त्याच्या वर गेला का खाली?"

"खाली... हां! म्हणून मायनस. मनोरा पंधरा मीटर!" पोरगी अशी हसली, की लसूण सोलता सोलता साळुबाईनंही मान वर केली.

तेवढ्यात पिकअप दाराशी येऊन थांबली. संपत लवकर आला होता. बाजारात क्रेट उतरवताना त्याची एकाशी जुंपली होती. सदरा फाटलेला, ओठ फुटलेला. भांडण सोडवणाऱ्यांतला कुणीतरी वर बोलून गेला होता, "बायको मास्तरीण झाली म्हणं. तुलाबी शिकवती का अंगठा सोडून सही करायला?" लोक हसले होते. ते हसणं त्यानं नारायणगावपासून घरापर्यंत आणलं होतं.

हातात टायर काढायची लोखंडी टॉमी होती. ती आणायचं कारण नव्हतं, पण ती हातात होती.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला, "शाळा चालू हाय?"

वृषाली उठली. "अश्विनी, तू घरी जा."

"का? बसू दे की. नवरा बायकोला कसं शिकवतो ते बघू दे तिलाबी." आणि त्यानं वृषालीचे केस धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. वृषालीच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं. चौकटीला रक्त लागलं. साळुबाई म्हणाली, "आरं, पोरीपुढं तरी..." आणि उठून आत गेली.

अश्विनी गेली नाही. तिनं त्याच्या दंडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. "संपतदादा, सोडा! सोडा तिला!" त्यानं हिसडा दिला. पोरगी सुटेना. मग त्यानं बघितलंसुद्धा नाही, मागच्या मागं टॉमी फिरवली.

जो आवाज आला तो वृषालीनं आधी कधी ऐकला नव्हता. अश्विनी गालावर हात दाबून खाली बसली. बोटांतून रक्त आलं, आणि रक्ताबरोबर एक दात फरशीवर पडला.

वृषालीला पुढचं आठवतं ते असं, की पडवीतल्या पाट्यावरचा वरवंटा आपल्या हातात होता आणि तो फार हलका लागत होता. तिनं तो संपतच्या मनगटावर मारला. टॉमी पडली. मग गुडघ्यावर मारला. हाड मोडल्याचं तिला हाताला कळलं. संपत गुरासारखा ओरडत आडवा झाला. तिला तिसरा घाव डोक्यावर घालायचा होता. हात वर गेलाही होता. पण अश्विनी रडत होती, आणि त्या रडण्यानं तो हात तिथंच राहिला.

"पळ," ती म्हणाली. "घरी पळ."

पोरगी तोंड धरून पळाली. भिंतीपलीकडं दार आपटलं. मग प्रतिभाकाकूंची, अश्विनीच्या आईची, किंकाळी आली, आणि पाठोपाठ माणसं. गोरखतात्या पुढं, त्यांचा भाऊ आणि पुतण्या मागं. हातात फावड्याचे दांडे. विचारणं नाही, बोलणं नाही. त्यांनी संपतला तंगडी धरून अंगणात ओढलं आणि मारायला लागले.

दांडा पाठीवर बसला की जाड आवाज यायचा, बरगडीवर बसला की वेगळा. संपत आधी शिव्या देत होता, मग आईला हाका मारायला लागला, मग नुसता कण्हायला लागला. साळुबाई धावत आली आणि लेकाच्या अंगावर पडली. पुतण्यानं तिला बाजूला ओढलं. "माज्या पोरीवर हात टाकतो?" तात्या प्रत्येक घावाला तेच म्हणत होते. "माज्या पोरीवर?"

वृषाली चौकटीला धरून बघत होती. तिला कणव आली नाही. पण संपतच्या कानातून रक्त आलं आणि त्याचा आवाज बंद झाला, तेव्हा ती पायऱ्या उतरली आणि मध्ये उभी राहिली.

"बास, तात्या. मरंल तो."

"सरक. तुझंच भलं करतोय आमी."

"माझं?" कपाळावरचं रक्त तिच्या डोळ्यात उतरलं होतं, तिनं ते पुसलं. "एवढ्या दिवसांत भिंतीतनं तुमाला काहीच ऐकू आलं न्हाई? मला मारलं तवा दांडा कुठं व्हता?"

तात्यांचा हात खाली आला. पुतण्यानं दांडा टाकला. संपत धडपडत श्वास घेत होता.

पोलीस चौकीत साळुबाईनं सांगितलं, सुनेनंच वरवंट्यानं पाय मोडला. "हो," वृषाली म्हणाली, "मोडला. लिहा." मग पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. शेवटी तात्यांचंही नाव सांगितलं. तात्या बाकावरून ताडकन उठले. "तुझ्यापायी पोरीचं थोबाड फुटलं, आनि उलटी आमच्यावरच?"

"संपतनं मारलं तेबी सांगितलं, तुमी मारलं तेबी सांगितलं," ती म्हणाली. "मी मारलं तेबी सांगितलं."

टाके घालून ती घोडेगावला भावाकडं गेली ती परत आली नाही. संपतचा पाय वाकडा जुळला. कोर्टात केस दोन्ही बाजूंनी उभी राहिली. आळ्यात लोक म्हणाले, बाई नमुनाच निघाली. घोडेगावात ती मुलांना शिकवायला लागली. पण कुणी मागून आलं की तिचा हात आपोआप डोक्याकडं जायचा.

एक दिवस प्रतिभाकाकूंचा फोन आला, दबक्या आवाजात. "अश्विनीला फोनवर शिकवशील का गं? आमच्या ह्यांना कळू द्यायचं न्हाई."

वृषालीनं हातातला खडू खाली ठेवला. "लपून न्हाई, काकू. तात्यांना सांगा. मग करा फोन."

बरेच दिवस काही आलं नाही. ती रोज फोनकडं बघायची आणि स्वतःवर चिडायची. मग भाताची कापणी चालू असताना तात्यांच्या नंबरवरून फोन आला. तिनं उचलला. पलीकडं कुणीतरी खाकरलं.

"पोरीला देतो," तात्या म्हणाले.

"वहिनी," अश्विनी म्हणाली. बोलताना तिच्या तोंडातून अजून वारा निसटत होता. "दोन ठोकळे हायेत, मधी दोरी हाय, वर कप्पी हाय. कुठनं सुरू करू?"

"चित्र काढ आधी," वृषाली म्हणाली, आणि खाली बसली.