व्हिनेगर कुणी घातलं

मेबलबाईंनी पातेल्यावर वाकून दीर्घ श्वास घेतला. नाकात गरम वाफ तेवढी शिरली, वास म्हणून काही आला नाही. डोळे मिटून पुन्हा एकदा हुंगून पाहिलं, शेवटी रश्श्यात बोट बुडवून चाटलं. तिखट झोंबलं, बाकी सगळं कागद चघळल्यासारखं लागलं.

गेल्या वर्षीच्या तापात त्यांचं नाक गेलं ते गेलंच. मलेशियातल्या मलाक्क्याच्या समुद्रकाठच्या आमच्या पोर्तुगीज वंशाच्या वस्तीत ही गोष्ट एकाही माणसाला ठाऊक नव्हती. डॉक्टरला ठाऊक होती, पण तो वस्तीबाहेरचा, त्यामुळे त्याला मोजायचं कारण नव्हतं.

पातेल्यात देबाल होतं. कोंबडी, बटाटे, वाटलेल्या लाल मिरच्या, आलं, गवती चहा, मोहरी आणि सगळ्यात शेवटी व्हिनेगर. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे घरोघरी हेच शिजतं, आणि घरोघरी सगळ्यांना आपलंच खरं वाटतं. वस्तीतली समजूत अशी की चिरलं कुणी, वाटलं कुणी याला महत्त्व नाही. व्हिनेगर ज्या हातानं पडलं त्या हाताचं ते देबाल. म्हातारी सासू दिवसभर खुर्चीत बसून असते, पण व्हिनेगरच्या वेळेला उठते आणि सुनेच्या हातातून बाटली घेते.

मेबलबाईंचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतरांची बोलणी जोडून देण्यात गेला. नवरा गेला, मुलगी पर्थला जाऊन तिकडचीच झाली. त्यांचं नाव होतं ते या एका पातेल्यावर. दर मे महिन्यात चर्चच्या अंगणात वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी जत्रा भरते, तिथं बावीस वर्षं देबालचा स्टॉल मेबलबाईंचा. लोक आधी त्यांच्याकडे रांग लावत आणि मग रव्याचा केक, मग सोडत, मग बाकीचं.

आणि आजच्या जत्रेसाठीचं हे देबाल त्यांनी केलेलंच नव्हतं. ऑस्वल्ड मोंतेरोच्या हॉटेलातून आणवलं होतं.

शुक्रवारी त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं. मसाला करपला, धूर झाला, आणि शेजारचे लोक दार ठोठावेपर्यंत यांना पत्ता नाही. कचरा जाळत होते, असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. मग दार लावून घेतलं आणि ऑस्वल्डला फोन केला. सिंगापूरहून भाचीकडचे पाहुणे यायचेत, चाळीस माणसांचं करून दे, असं सांगितलं. सांगताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी ऑस्वल्डनं मोठ्या रस्त्यावर हॉटेल काढलं तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर, चारचौघांत, याच मेबलबाई म्हणाल्या होत्या की देबाल ही काय रोज प्लेटीवर विकायची वस्तू आहे, आणि व्हिनेगरची तर पोरानं रश्श्याला बाटली नुसती दाखवलीय. वस्तीला असं काही मिळालं की ती सोडत नाही. तेव्हापासून ऑस्वल्ड दिसला की कुणीतरी विचारतंच, काय रे, आज बाटली दाखवलीस का? तो हसायचा. दर नाताळला मेबलबाईंच्या पाया पडायला मात्र येत राहिला.

आता त्याचंच देबाल त्यांच्या पातेल्यात होतं आणि आंबट किती आहे ते त्यांना कळत नव्हतं. कमीच असणार, त्याचं कमीच असतं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. शिवाय आपला हात लागला की आपलंच झालं. त्यांनी बाटली घेतली आणि दोन वाट्या व्हिनेगर ओतलं. हाताला इतकी सवय की थेंब बाहेर सांडला नाही.

जत्रेत पहिला अर्धा तास बरा गेला. कुपनं घेऊन माणसं येत होती आणि मेबलबाईंची जुनी मैत्रीण नोएलीन वाढत होती. मग मेबलबाईंचं लक्ष कचऱ्याच्या डब्याकडे गेलं. त्यात त्यांच्या प्लेटा होत्या, दोन घास खाऊन टाकलेल्या. वृद्धाश्रमातले एक आजोबा वर्षभर या प्लेटीची वाट बघतात. त्यांनी पहिला घास घेतला आणि लहान मुलासारखा थुंकला. नर्सनं घाईघाईनं तोंड पुसलं. मेबलबाई हसल्यासारखं करून दुसरीकडे बघायला लागल्या.

नोएलीननं चमच्यावर थोडं घेऊन चाखलं आणि तिचा चेहराच आवळला.

"अगं मेबल, हे काय झालं? नुसतं व्हिनेगर पितेय असं वाटतंय."

उत्तर दिलं ते मुनियांडीनं. तो टेम्पोवाला, सकाळी सामान त्यानंच आणलं होतं, आणि आता स्टॉलच्या बाजूला उभा राहून फुकटचा चहा पीत होता. त्याला वाटलं आपण बाईंची बाजू घेतोय.

"बाईंना कशाला बोलता? बाईंनी कुठं केलंय? मीच नाही का आणलं पहाटे ऑस्वल्डकडून."

मग नोएलीन म्हणाली, "तरीच!" आणि त्या एका शब्दात केवढी तरी सुटका होती. आजूबाजूच्या बायकांनी तोच शब्द उचलला. मेबलचा हात चुकणं शक्यच नव्हतं. आता वय झालं, एवढं रांधणं होत नाही, मागवलं तर मागवलं, त्यात काय. पण मागवायचं ते त्याच्याकडून?

ऑस्वल्ड तिथंच होता. कुपन देऊन, रांगेत उभं राहून त्यानं प्लेट घेतली होती आणि तो बाजूला उभ्यानं खात होता. नोएलीननं त्याला गाठलंच.

"काय रे, इतकी वर्षं बाटली नुसती दाखवलीस, आज सगळीच ओतलीस वाटतं?"

लोक हसले. ऑस्वल्डनं घास गिळला आणि मेबलबाईंकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं आणि थांबला. मेबलबाई हातातल्या पळीकडे बघत राहिल्या. पळीला बटाट्याची फोड चिकटली होती. तो किती वेळ थांबला ते त्यांनी नंतर कितीदा तरी मनात मोजून पाहिलं, पण त्या वेळी मात्र मान वर झाली नाही.

"चुकलंच," तो शेवटी म्हणाला. "घाईत दोनदा पडलं असेल. माफ करा, आंटी."

आणि मेबलबाईंनी मान हलवली. माफ केल्यासारखी.

त्यानंतरचा आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. बायका सूप घेऊन येत, त्यांची फजिती झाली म्हणून हळहळत आणि जाताना ऑस्वल्डच्या नावानं दोन शब्द सोडून जात. मेबलबाई सूप घेत. त्या सुपाचीही चव लागत नव्हती, आणि एका परीनं ते बरंच होतं. लाज एकदा पोटात शिरली की घरातली भांडीसुद्धा आपल्याकडे बघतात. रात्री झोप लागायची, पण जाग यायची ती ऑस्वल्डचं ते थांबणं आठवूनच.

गुरुवारी नोएलीन सांगून गेली की जूनमधल्या सान पेद्रो या संताच्या सणाचं जेवण यंदा ऑस्वल्डला द्यायचं ठरलं होतं, ते सणाच्या समितीनं काढून घेतलं. सगळी वस्ती जेवते त्या दिवशी. सहा वर्षं तो त्या कामासाठी खेटे घालत होता.

"बरं झालं वेळेवर कळलं," नोएलीन म्हणाली.

मेबलबाईंनी तिला चहा विचारला नाही. ती गेल्यावर त्या स्वयंपाकघरात उभ्याच राहिल्या. माझ्याएवढी हलकी बाई या वस्तीत दुसरी नसेल, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्या.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर त्यांनी नोएलीनचा हात धरला आणि ऑस्वल्डकडे जेवायला चल म्हणाल्या. नोएलीन बघतच राहिली. मेबलबाईंनी त्या हॉटेलाच्या उंबऱ्यावर आजवर पाय ठेवला नव्हता. आत सहा टेबलं. एरवी रविवारी जागा मिळत नाही म्हणत, आज दोनच भरलेली होती, दोन्हीकडे वस्तीतली ओळखीची माणसं. मेबलबाई मधल्या टेबलाशी बसल्या आणि देबाल मागवलं. ऑस्वल्ड हात पुसत बाहेर आला.

"ते व्हिनेगर मी घातलं," मेबलबाई म्हणाल्या. आवाज टेलिफोनवरचा निघाला, स्पष्ट आणि सपाट, दोन्ही टेबलांपर्यंत जाणारा. "यानं नीट करून दिलं होतं. मला वर्षभर वास येत नाही, चव कळत नाही. त्याचं आंबट कमीच असणार असं धरून मी वरून ओतलं. माझ्यासाठी तो खोटं बोलला आणि मी मान हलवली. समितीला सांग, नोएलीन. नाहीतर मी सांगते."

टेबलांवरचे चमचे थांबले. नोएलीनचा चेहरा लाल झाला, जणू तिलाच कुणी पकडलं होतं.

"अगं, पण आधी सांगायचं नाही का?"

"कुणाला सांगू? देबाल वजा केलं तर मला ओळखतं कोण?"

मेबलबाई ऑस्वल्डकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"आपलं देबाल आपल्याला कळतं, आंटी. पहिल्या घासालाच कळलं."

"मग तिथं बोलला का नाहीस?"

ऑस्वल्ड हातातलं फडकं चुरगाळत राहिला. "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला.

कुणी कानफटात मारली असती तर सोपं गेलं असतं. मेबलबाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ऑस्वल्ड आत गेला, प्लेट भरून घेऊन आला आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी घास घेतला. झोंबलं, बाकी काही नाही.

"कसं झालंय?" त्यानं सवयीनं विचारलं आणि विचारल्यावर ओशाळला.

"मला कळत नाही रे. तू सांग."

तो समोरची खुर्ची ओढून बसला, एक चमचा घेतला आणि त्यांच्याच प्लेटीच्या कडेचा थोडा रस्सा चाखला.

"आधी मोहरी लागते," तो म्हणाला. "मग गवती चहा, अगदी पुसट. मिरची जरा उशिरा येते. आणि आंबट सगळ्यात मागून, घास गिळता गिळता."

मेबलबाई हळूहळू चावत होत्या. घास गिळून झाल्यावर त्यांनी दुसरा घेतला.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.