सातवीचं गणित

प्रणिताच्या शाळेतून बोलावणं आलं तेव्हा वाटलं, पोरीनं कुणाला तरी बडवलं असणार. तर मॅडम म्हणाल्या, "गणितात ही फार पुढं आहे. एक तर पाचवी गाळून थेट सहावीत घाला, नाही तर पाचवीतच ठेवा आणि नुसती गणिताच्या तासाला सातवीत बसवा."

प्रणिता माझा पदर ओढत म्हणाली, "आई, सातवीचं गणित! आणि माझ्या मैत्रिणी पण राहतील."

पण सातवीत आमचा किशोर, तिचा थोरला भाऊ. घरी मामंजी कडाडले, "बहीण पटापट उत्तरं देणार अन् भाऊ मान खाली घालून बसणार? नक्को! घराची इज्जत आहे."

हे म्हणाले, "सहावीच बरी. वर्ष वाचतं." दहा वर्षांच्या पोरीचं वर्ष वाचवून हे कुठं ठेवणार होते, देव जाणे!

किशोर बिचारा म्हणाला, "येऊ द्या की तिला. सर मला विचारायचे तरी बंद होतील." त्याचं कोण ऐकतंय?

प्रणिता सहावीत गेली. मैत्रिणी तुटल्या, इथल्या शाळेत सक्तीची असलेली तेलुगू एका वर्षाची बुडाली आणि गणित? "इथं पण सगळं येतंच गं," म्हणून रडायची. माझा जीव तुटायचा.

मग एका संध्याकाळी पाहते तर किशोरनं आपल्या गणिताच्या वर्कशीट तिच्यापुढं सरकवलेल्या आणि स्वतः तिचा तेलुगूचा गृहपाठ लिहीत बसलेला. गल्लीतल्या तेलुगू पोरांत खेळून त्याची तेलुगू फर्डी. दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालायला हवा होता. पण पोरगी किती दिवसांनी हसत होती! मी मुकाट्यानं भाकरी थापायला गेले.

सहामाहीनंतर शाळेनं पुन्हा बोलावलं. या खेपेला मामंजीही इस्त्रीचा शर्ट घालून आले. मॅडम म्हणाल्या, "किशोरच्या वर्कशीट बघून आम्ही थक्क झालो. त्याला गणिताच्या तासाला आठवीत बसवू या का?"

"हौ, बसवा की!" मामंजी म्हणाले. या खेपेला त्यांना क्षणभर विचारही करावा लागला नाही. "आमचंच रक्त आहे."

घरी आल्यावर किशोर घाम पुसत कोपऱ्यात बसला. प्रणिता मात्र माझ्या गळ्यातच पडली.

"आई," ती कानात म्हणाली, "उद्यापासून आठवीचं!"