आगबोट वेळेवर पोचते

“कुठं थांबायचं, हे या लेखकाला नेमकं कळतं.”

गिरणीतला कोंडा केसांतून निघत नाही. खोबरेल लावलं तरी नाही.

“ओ बाई, गप बसा की जरा! आमाला दिसतंय पडद्यावरचं!”

डॉक्टर म्हणाले, आता चष्मा काढून ठेवलात तरी चालेल.

भर दुपारी मिठाकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये.

हे सगळं एकाच घरातलं. काशिराम भोपी मिठागराच्या कचेरीत कारकून होते. पंचेचाळिशीत दृष्टी गेली आणि पाठोपाठ नोकरीही. पनवेलच्या एका साप्ताहिकात ते कादंबऱ्यांवर आणि चित्रपटांवर अभिप्राय देत. तेवढं मात्र सुटलं नाही. तंबूतल्या सिनेमात त्यांची बायको, गुणाबाई, कानाशी लागून पडदा सांगत. भाताच्या गिरणीतून आल्या की संध्याकाळी कादंबरी वाचून दाखवत. काशिराम अभिप्राय सांगत, तो उतरूनही त्याच घेत.

चोपन्न सालच्या एका शनिवारी वाचनालयाचे चिटणीस दिनानाथ ओटीवर येऊन बसले. काशिरामांच्या ताज्या अभिप्रायावर खूश होऊन त्या कादंबरीचे लेखक उद्या खुद्द मुंबईहून येणार होते. सभेत काशिरामांनी बोलायचं होतं.

“पण भाऊ, एक विचारू? पाल्हाळ औषधालाही नाही, असं लिहिलंत. अहो, नायिका आगबोटीत चढते ती पन्नास पानं उतरत नाही! नुसतं पाणी. आमच्या मंडळींना वाचूनच बोट लागली.”

“आगबोट? ती तर पुढच्याच ओळीत धक्क्याला लागते,” काशिराम म्हणाले.

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

दिनानाथांनी आत पाहिलं. “अस्सं होय! मग सांगून टाका उद्या, वहिनींनी गाळलं म्हणून. हसतील ते वहिनींना हसतील. नाहीतर भाऊ, तुमच्या अभिप्रायाला यापुढं कोण विचारणार?”

ते गेल्यावर काशिराम चाचपडत चुलीपाशी आले.

“फक्त आगबोटच?”

“नाय. वरात पन. आन मागल्या पुस्तकातलं त्या जमीनदाराचं बालपन.”

“बालपण टाळलं म्हणून मी त्या लेखकाची पाठ थोपटली, गुणा.”

“दिसभर पाखडून डोले मिटायचे. तुमी म्हनायचे, पुढं काय झालं? मंग मी पुढं काय झालं ते वाचायचे.”

“मला सांगायचंस.”

“सांगून काय? तुमी म्हनले असते, राहू दे. आन तुमाला दुसरं हाय तरी काय?”

भाकरी करपल्याचा वास आला. दोघंही जागची हलली नाहीत.

रविवारी वाचनालयात सतरंज्या भरल्या. लेखक खुर्चीवर, दिनानाथ पुढच्याच रांगेत, गुणाबाई दाराजवळ बायकांत.

काशिराम उभे राहिले. “पाल्हाळ नाही असं मी लिहिलं. छापलेल्या पुस्तकात पन्नास पानं आगबोट आहे, हे मला काल कळलं.”

कुणीतरी खुसखुसलं.

“मी ऐकली त्या कादंबरीत ती नाही. त्या कादंबरीत आगबोट वेळेवर पोचते. ती कादंबरी चांगली आहे. मत बदलत नाही.”

“म्हणजे वाचणाऱ्यानं पानं गाळली, असंच ना भाऊ?” दिनानाथ मोठ्यानं म्हणाले. दोन-चार माना दाराकडे वळल्या. गुणाबाईंनी पदर सारखा केला.

“वाचणारं माणूस दमतं,” काशिराम म्हणाले. “अभिप्रायाखाली सही माझी आहे. हसायचं तर इकडे बघून हसा.” आणि खाली बसले.

लेखक चहा न घेताच मोटारीत बसले. पुढच्या अंकात अभिप्रायाच्या जागी गुळाच्या वखारीची जाहिरात आली.

सभेहून परतताना गुणाबाईंनी रोजच्यासारखा त्यांचा हात धरला होता.

“वाचायचं का आज?”

“तुला जमेल?”

“नाय.”

“मग नको.”

अंधार पडेपर्यंत दोघं ओटीवर बसून राहिली.

लग्न झालं तेव्हा गुणाबाईंना अक्षरओळख नव्हती. ती काशिरामांनी करून दिली, मिठागरावरून दमून आल्यावर, रोज संध्याकाळी.