आळीचं मत वाजवणारा नगारा

मित्रांनो, माझे फाटलेले पोट पाहून हसू नका. मी भट्टीआळीचा जुना नगारा आहे. जाड तांबे ठोकून माझे भांडे घडवले, त्यावर कातडे ताणले, ते याच आळीतल्या हातांनी.

माझा पहिला आवाज घुमला तो दंगलीत. पुलापलीकडच्या वस्तीने आळी पेटवली, तेव्हा मला बडवून माणसे गोळा केली. ती भट्टीतले तापलेले गज घेऊन धावली आणि दोन्हीकडचे मुडदे पडले. आपल्या मेलेल्यांवर गाणी झाली. पलीकडच्यांचे नावही कोणी काढले नाही.

पुढे मतदान आले. पुढारी मला चौकात मांडून लोकांना तीच गाणी गायला लावत. "आजोबांचं रक्त विसरलात का?" एवढे म्हटले, की आळीचे मत एकगठ्ठा पडे. नळाला पाणी का नाही, हे कोणी विचारत नसे. मला मात्र चिंचेने घासून लखलखीत करत. मीही फुशारून जाई.

मला वाजवणारे नाना म्हातारे झाले होते. यंदा त्यांची सून म्हणाली, "मामंजी, हंडे वाहून माझी कंबर मोडली. मी मत माझ्या मनाने देणार."

 भिंतींनाही कान असतात; ते बोलणे पुढाऱ्यापर्यंत पोचले.

मतदानाच्या सकाळी मी केंद्रासमोर घुमत होतो. सून फाटकाशी पोचली, तोच पुढाऱ्याच्या माणसांनी तिला केस धरून ओढले. नवरा मध्ये पडला. त्याच्या डोक्यात गज बसला आणि रक्ताची चिळकांडी माझ्या तांब्यावर उडाली.

नानांचे हात थांबले.

"वाजवा नाना! पोरं पेटली पाहिजेत!" पुढारी ओरडला.

"अरे, माझा पोरगा पडलाय तिथं!"

"तो आता आपला राहिला नाही."

नानांनी टिपऱ्या टाकल्या. कातडे कापायची रापी कमरेतून काढली आणि मुठीपर्यंत माझ्या पोटात खुपसून टराटरा फाडत नेली.

"घे. वाजव आता तूच."

पुढाऱ्याच्या माणसांनी माझ्याच टिपऱ्यांनी त्यांची दोन्ही मनगटे फोडली. मी मुका झालो, तेव्हा कुठे आळीला त्या पोराचे कण्हणे ऐकू आले. घराघरांतून बायका धावल्या. त्यांनी त्याला उचलले, सुनेभोवती कडे केले. रक्ताळलेल्या हातांनी ती आत गेली आणि मत देऊन आली.

खोटे कशाला बोलू? जिंकला पुढारीच. पण आळीचा गठ्ठा फुटला. पोरगा वाचला, एक कान गेला. नानांना घास सून भरवते.

काल पुढारी नवे कातडे घेऊन आला होता. नानांनी नुसते वाकडे झालेले हात पुढे केले. तो खाली मान घालून गेला, पण कातडे दारातच ठेवून गेला.

मित्रांनो, ते कोणीतरी माझ्यावर चढवीलच. वाडवडिलांची वस्तू म्हणून मला जरूर जपा. मात्र माझ्या तालावर कोणाच्या अंगावर धावून जायची वेळ आली, तर आधी मला फाडा. मला राग येणार नाही.