तळ्यापर्यंतची वाट

शुक्रवारी संध्याकाळी टिंगूने लंबूला सांगितलं, "मला ताप आलाय." ताप आला नव्हता. पाय भरून आले होते, अंगात आळस मुरला होता आणि सलग सहा शनिवार पहाटे साडेपाचला उठून डोंगर चढायचा तिला कंटाळा आला होता. पण लंबूला कंटाळा सांगून उपयोग नसायचा. ती पाण्याची बाटली भरता भरता म्हणायची, "कंटाळा वर गेल्यावर आपोआप जातो. चल, बूट घाल."

दोघींची खरी नावं वेगळी होती, पण कॉलेजात पहिल्या वर्षापासून सगळे त्यांना लंबू-टिंगूच म्हणायचे. लंबू पावणेसहा फूट, टिंगू जेमतेम तिच्या खांद्याला लागायची. दोघी धरणं, कालवे, पूर असं पाण्याचं शास्त्र शिकत होत्या. परदेशातल्या विद्यापीठात एका सत्रासाठी दोन जणांना पाठवायचं ठरलं, तेव्हा अख्ख्या कॉलेजातून याच दोघी निवडल्या गेल्या. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना एक खोली मिळाली. दोन खाटा, एक खिडकी, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन आणि खिडकीखाली हीटर. त्या हीटरवर कायम कुणाचे तरी मोजे वाळत असायचे. पहिल्याच आठवड्यात लंबूने भिंतीवर डोंगराचा मोठा नकाशा लावला आणि चालून झालेली प्रत्येक वाट ती लाल पेनाने गिरवायला लागली.

"अगं, अभ्यासाला आलोय आपण," टिंगू म्हणायची.

"अभ्यास काय, घरीही होईल. हे डोंगर घरी कोण आणून देणार आहे?"

आणि वर लंबू परीक्षेत टिंगूपेक्षा जास्त गुण घ्यायची. टिंगूचा त्यावर फार जीव जळायचा.

त्या देशात पायवाटांच्या पाट्यांवर अंतर लिहीत नसत, वेळ लिहीत. अमुक टेकडी दीड तास, तमुक खिंड तीन तास. लंबू त्यातून वीस मिनिटं वजा करायची, टिंगू चाळीस मिळवायची. मग लंबू पुढच्या वळणावर दगडावर बसून वाट बघायची आणि टिंगू दिसली की लगेच उठायची, त्यामुळे टिंगूला विश्रांती अशी कधी मिळालीच नाही. एकदा तीन बस बदलून त्या शंभर वर्षं जुनं धरण बघायला गेल्या, तर धरण सोमवारी बंद. फाटकाच्या गजांत तोंड घालून लंबूने तिथूनच त्याच्या भिंतीवर अर्धा तास व्याख्यान दिलं. ऐकायला टिंगू आणि पहारेकरी, आणि पहारेकऱ्याला भाषा कळत नव्हती.

शनिवारी पहाटे लंबूने टिंगूच्या कपाळावर हात ठेवला. "गरम तर लागत नाही."

"आतून आहे."

"आतून ताप!" लंबू हसली. तिने गरम पाण्याचा थर्मास उशाशी ठेवला, दार हळूच ओढून घेतलं आणि गेली. टिंगूने पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि अकरापर्यंत झोपली. दुपारी शेजारच्या खोलीतल्या मुलींबरोबर सिनेमाला गेली. एक वाजता लंबूचा फोटो आला. डोंगराच्या कुशीतलं तळं, अर्धं निळं, अर्धं गोठलेलं. खाली एकच शब्द, 'चुकवलंस.' टिंगूने अंधाऱ्या थिएटरात हसरा चेहरा पाठवला आणि फोन पर्समध्ये टाकला.

सव्वाआठची शेवटची बस आली, तीतून लंबू उतरली नाही. टिंगूने धावत येऊन वसतिगृहाच्या व्यवस्थापिकेला सांगितलं, तिने फोन फिरवले. रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला बचाव पथकाला लंबू सापडली.

तळ्याच्या अलीकडे वाट एक घळ ओलांडत होती. त्या घळीत उन्हाळा तोंडावर आला तरी बर्फ राहायचा. जाताना, सकाळच्या गारठ्यात, त्या बर्फाने लंबूला पलीकडे जाऊ दिलं. तळ्याकाठी बराच वेळ रमून परतताना दुपार झाली होती. वरून बर्फ शाबूत दिसत होता, पण खालून ओढ्याने तो पोखरला होता. लंबू मध्यावर असताना तो खचला. पाण्याचा अभ्यास करणारी मुलगी, आणि नेमकं तिलाच ते पाणी दिसलं नाही.

गुरुवारी लंबूची आई आली, सोबत मामा. वडील लंबू शाळेत असतानाच गेले होते. आई सरकारी रुग्णालयात नर्स होती, सव्वीस वर्षं. मामाच्या हातात कागदपत्रांची फुगलेली फाइल होती आणि ती तो कुणालाही हातात धरू देत नव्हता. विमानतळावर टिंगू पुढे झाली. काय बोलावं ते दोन दिवस पाठ केलं होतं, ते सगळं पुसलं गेलं.

आईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तीच ना तू? फोनवर उंच वाटायचीस."

शवागारात दुभाषी म्हणून टिंगूच उभी राहिली. दुसरं होतं कोण? डॉक्टर हळू आवाजात बोलत होते. आईने मुलीचं तोंड पाहिलं, कानामागची जखम पाहिली, बोटं एकेक करून उलगडून पाहिली. नर्स जसं पाहते तसं.

"विचार त्यांना, किती वेळ जिवंत होती."

टिंगूने विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला मार लागला तेव्हाच शुद्ध गेली असावी, नंतर फार वेळ नाही.

"तू नीट विचारलंस ना? मला बरं वाटावं म्हणून उत्तर बदललं नाहीस ना?"

"नाही काकू."

"बरं." मग तिने पर्समधून कंगवा काढला आणि लंबूचे केस विंचरले. मामा फाइल छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मला ती पडली तिथे जायचंय."

"ताई, तुला वेड लागलंय का?" मामा उसळला. "जिना चढताना गुडघे धरतेस तू. डोंगर चढायचा म्हणतेस? एक तर गेली, आता तुला..." पुढचं त्याच्याने बोलवलं नाही.

"तू खाली थांब. ही नेईल मला."

बचाव पथकाची प्रमुख एरवी घरोघर टपाल वाटायची. करड्या केसांची, अंगाने काटक बाई. तिने आईचे गुडघे पाहिले, आभाळ पाहिलं आणि टिंगूला म्हणाली, "पाटीवर दीड तास लिहिलंय. आपल्याला चार लागतील. लागू देत. पण घळीच्या काठापर्यंतच. पलीकडे मी कुणालाही जाऊ देणार नाही."

बुटांचा प्रश्न खोलीवर सुटला. लंबूचे रोजचे कॅनव्हासचे बूट खाटेखाली होते. आईही उंच, पायही तसेच. दोन जोड मोजे घातल्यावर ते तिला बसले. नाडी बांधताना तिचे हात थांबले, तेव्हा टिंगूने खाली बसून बांधून दिली.

शुक्रवारी सकाळी तिघी निघाल्या. टपालवाली पुढे, मध्ये आई, मागे टिंगू. पहिला चढ पाइनच्या रानातून होता. आई दर वीस पावलांना थांबायची, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायची आणि काहीतरी विचारायची. "हे दगडावर लाल-पांढरे पट्टे कसले?" वाट चुकू नये म्हणून, असं टिंगू सांगायची. "ती चालताना बोलायची की गप्प असायची?" बोलायची, चढावरसुद्धा. "दम लागायचा नाही तिला?" नाही काकू, आम्हालाच लागायचा.

"लहानपणी दमा होता तिला," आई म्हणाली. "सात वर्षांची होईपर्यंत. रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायचे."

टिंगूला हे माहीत नव्हतं. चार वर्षं एका बाकावर बसून लंबूने कधी सांगितलं नव्हतं.

रान संपलं तिथे एक बाक होता. टपालवाली पुढची वाट बघून यायला गेली. आई बाकावर बसली, बुटाच्या टोकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू का नव्हतीस तिच्याबरोबर त्या दिवशी?"

हा प्रश्न टिंगूला आठवड्यात सगळ्यांनी विचारला होता. व्यवस्थापिकेने, पोलिसांनी, बचाव पथकाने, तिच्या स्वतःच्या आईवडिलांनी. सगळ्यांना तिने एकच उत्तर दिलं होतं आणि सगळ्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. आताही तेच ओठांवर आलं. पण तिने पाहिलं ते लंबूच्या बुटांतले पाय, आणि ते उत्तर तिने गिळलं.

"काकू, मला ताप नव्हता. मी खोटं सांगितलं तिला. मला झोपायचं होतं. दुपारी मी सिनेमाला गेले. तिचा फोटो आला तेव्हा मी सिनेमा बघत होते."

"माहीत आहे मला."

टिंगूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बसची वाट बघताना तिने मला फोन केला होता," आई म्हणाली. "म्हणाली, आई, टिंगूला ताप-बीप काही नाही, झोपायचंय तिला. मी म्हटलं, मग उठवायचंस की. तर म्हणाली, राहू दे गं, बिचारीला मी सहा आठवडे फरफटत नेलंय."

टिंगू म्हणाली, "मग विचारलंत कशाला?"

"तू सांगतेस का ते बघायचं होतं."

वारा सुटला होता. आईने पदर खांद्यावरून ओढून कमरेला खोचला, वरचं जाकीट बंद केलं.

"मी सव्वीस वर्षं वॉर्डात बघतेय," ती म्हणाली. "माणूस गेलं की नातेवाईक एकमेकांना म्हणतात, तुझी काही चूक नाही. मीसुद्धा म्हणते त्यांना. पण तुला तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तू बरोबर असतीस तर हाक मारून कुणाला तरी आणलं असतंस. नाहीतर दोघी गेल्या असत्या आणि तुझी आई इथे बसली असती. मला काय कळणार? मला तुझा राग येतो, पोरी. आणि काल रात्री तू जेवली नाहीस तेव्हा तुझी काळजीही वाटली. आता काय ते तूच समज."

टिंगू रडायला लागली. आईने तिला जवळ घेतलं नाही. पण टपालवाली परत आली आणि उठायची वेळ झाली, तेव्हा तिने आधारासाठी टिंगूचाच हात धरला, आणि पुढे सगळा चढ तो सोडला नाही.

घळीपाशी पोहोचायला साडेचार तास लागले. आठवड्याभरात बर्फ आणखी वितळला होता. मध्ये मोठं भगदाड पडलं होतं आणि खालचा ओढा आता उघडाच वाहत होता. कुणीतरी काठावर पिवळी दोरी बांधून वाट बंद केली होती. टपालवालीने बोटाने जागा दाखवली. तळं तिथून दिसत नव्हतं, ते घळीपलीकडच्या उंचवट्यामागे होतं. आईने एकदा विचारलं, तिकडे जायला दुसरी वाट नाही का. नाही, असं टिंगूने विचारून सांगितलं.

आई थोडी खाली उतरली. दोरीच्या अलीकडे ओढ्याची एक धार दगडांवरून येत होती. ती तिथे उकिडवी बसली आणि तिने हात पाण्यात घातला. झटक्यात बाहेर काढला. पुन्हा घातला.

"अगं, केवढं गार आहे हे," ती म्हणाली. "केवढं गार आहे गं. हिला आंघोळीला जरा कोमट पाणी झालं तर ओरडायची माझ्यावर..."

आणि इतके दिवस सगळं सरळ विचारणारी, सरळ ऐकणारी ती बाई तिथे खाली बसली आणि मोठमोठ्याने रडली. टपालवालीने टोपी काढली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. टिंगू आईच्या शेजारी चिखलातच बसली. तिने आईचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला, ऊब येईपर्यंत.

रविवारी आई आणि मामा लंबूला घेऊन परत गेले. टिंगूचे आईवडील म्हणाले, सोडून ये सगळं. पण सत्र संपायला सहा आठवडे उरले होते, ती थांबली. निघताना आईने तिला बाजूला घेतलं होतं. "दर रविवारी मला फोन करायचा. तिचं सांगायचं. हे चार महिने तुझ्याजवळ आहेत, माझ्याजवळ नाहीत."

टिंगूने एकही रविवार चुकवला नाही. लंबू काय काय म्हणाली, कुठे हसली, कोणत्या प्राध्यापकाची नक्कल करायची, झोपेत काय बडबडायची. परत मायदेशी आल्यावरही फोन चालू राहिले. आई कधी घरून बोलायची, कधी ड्यूटीवरून. मध्येच म्हणायची, "थांब, सलाइन बघून येते," आणि येऊन नेमक्या त्याच वाक्यापासून पुढे ऐकायची.

चार महिन्यांत असून असून असणार किती? पावसाळा सरत आला तेव्हा टिंगूच्या लक्षात आलं, आपल्याजवळ आता काही उरलं नाही. एका रविवारी तिने एक प्रसंग रचला. लंबूने बसमध्ये एका आजीबाईंना जागा दिली आणि त्यांनी तिला फुलं दिली, असं काहीतरी.

आईने मध्येच विचारलं, "हे झालं नव्हतं ना?"

"नाही काकू."

"असं नको करूस. माझ्याकडे आहे त्यात खोटं मिसळायला नको. संपलं असेल तर संपलं म्हण."

"संपलं काकू," टिंगू म्हणाली. म्हणताना तिला वाटलं, आज पुन्हा एकदा कुणीतरी गेलं.

फोनवर वॉर्डातल्या ढकलगाडीची चाकं वाजत लांब गेली. कुणीतरी 'सिस्टर' अशी हाक मारली. आईने "आले, आले" म्हणून त्याला थोपवलं.

"मग पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "विमानातून उतरलात, तिथून."

टिंगूने डोळे पुसले. "उतरलो तर हिची बॅग आलीच नव्हती..."

"हं," आई म्हणाली, "आणि ती तुझा स्वेटर घालून बसली, कोपरापर्यंतच बाह्या येत होत्या. पुढे सांग."