लाल अंडी आणि शेवटचा नंबर

टक्. भाताच्या कुकरचं बटण वर आलं आणि मी श्वास रोखून थांगथांगकडे पाहिलं. नाही, झोपेतच होती. माझी चार वर्षांची पोर दुपारी जेवढी डुलकी काढते, तेवढाच माझा कामाचा वेळ.

समोर लॅपटॉपवर तक्ता उघडा होता. एक बँक तीन विमा कंपन्या विकत घेणार होती. त्यांतली कुठली कमी खर्चात जास्त काम करते, ते मोजायचं काम आमच्या संस्थेकडे आलं होतं. जी शेवटी येईल तिच्या गावोगावच्या शाखा बंद. आणि शेवटी येत होती सासूबाईंची कंपनी. सासूबाई, म्हणजे थांगथांगची आमा, तिची आजी, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून इथं तैवानमध्ये, चियायीत स्कूटरवरून घरोघर फिरून विमा विकतात. हे नातं मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आकड्यांना सासू नसते," ते म्हणाले, "मोज तू."

दार उघडलं. डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून सासूबाई आत आल्या.

"आई, आज किती विमे?" मी हळूच विचारलं.

"एकही नाही. शू काकांना डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं, मग लिनांच्या नातवाला महिना झाला म्हणून त्यांच्याकडे जेवायला गेले. ही घे, बाळाच्या महिन्याची म्हणून वाटलेली लाल रंगवलेली अंडी."

"म्हणजे पेट्रोल वाया."

"जाईल तुझ्या तक्त्यात वाया! अगं, या बाळाच्या बापाला महिना झाला तेव्हाही मीच जेवून आले होते. तेव्हापासूनची माणसं आहेत ती आपली. खा मुकाट्यानं."

मी अंडं सोलायला घेतलं. बोटं लाल झाली आणि हात थांबला. तेव्हापासूनची! यंदा विमा घेणारी नवी माणसं किती आली ते मी मोजलं होतं. जुनी किती टिकली, ते कुठंच धरलं नव्हतं. सासूबाईंचं फिरणं खर्चात होतं, त्या फिरण्यानं राहिलेली माणसं मात्र हिशेबाबाहेर.

टिकलेल्या विम्यांचे आकडे संस्थेत पडूनच होते. लाल बोटांनीच ते तिन्ही कंपन्यांना लावले. पहिला नंबर हलला नाही. दुसरा आणि तिसरा उलटले.

साहेबांना फोन केला.

"सासूसाठी गणित बदललंस होय गं?"

"तिघींनाही एकच नियम लावलाय, सर. तुम्हीच करून बघा."

त्यांनी करून बघितलं. कुकरमधला भात निवायच्या आत फोन आला. "हे आधीच धरायला हवं होतं आपण. पाठव."

"आई, तुमची शाखा राहिली! दुसरा नंबर!"

"दुसरा?" सासूबाईंनी आता कुठे हेल्मेट काढलं. "पहिल्याला काय धाड भरली होती?"

आमच्या हसण्यानं थांगथांग उठली. डोळे चोळत माझ्या मांडीत शिरली आणि अर्धं सोललेलं अंडं तिनं दोन्ही हातांत धरलं.

"आमाचा दुसरा नंबर आला," मी तिच्या केसांत तोंड खुपसून सांगितलं. "आता आमा कामावर जात राहणार."

"मग शेवटी कोण आलं?"

"दुसरी एक कंपनी, राणी."

तिनं एक घास घेतला, सावकाश चावला.

"आई, तिथं कुणाची आमा आहे?"