अर्धा शब्द पुढे

आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागला आणि मारेगावच्या अलीकडल्या त्या वस्तीत, विहारात ग्रंथवाचन सुरू झालं. तीन महिने, रोज दिवेलागणीला. आदल्या सालापर्यंत विमलताई वाचायच्या. त्या गेल्या आणि तो मान त्यांच्या धाकट्या जावेकडे, कौसल्येकडे आला.

पहिल्याच आठवड्यात तिला ऐकू आलं. ती वाचायची त्याच्या अर्धा शब्द पुढे कुणीतरी वाचत होतं. विमलताईंचाच तो जाडसर, दिवसभर निंदण करून थकलेला आवाज. सांगावं तरी कुणाला? आपल्यात भुतंखेतं मानत नाहीत. ती रोज पंचशील घेई, अन् खोटं न बोलण्याच्या शीलापाशी जीभ अडखळे.

कारण विमलताईंनी छातीतली गाठ एकट्या तिलाच दाखवली होती. "वाचन उठू दे, मंग पाहू. कोणाले सांगू नको, कौसल्ये." तिनं सांगितलं नाही. वाचन संपलं, मग कापसाची वेचणी लागली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. त्या साली गावात गेलेल्यांची पुण्यानुमोदनं इतकी झाली होती, की आणखी एकाचं कुणाला नवल वाटलं नाही.

आणि आता तिच्याच छातीत गाठ. वणीच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली नागपूरची चिठ्ठी ग्रंथातच खुणेला घातलेली. तारीख उद्याची. वाचन उठू दे, असं तीही मनाशी म्हणत आली होती.

वाचता वाचता ती थांबली. आवाज थांबला नाही.

"काहून थांबली वं?" समोर ऐकत बसलेली रुपीबाई म्हणाली. "विमलताई असती त आतापावतर पान उलटलं असतं."

"त्या उलटूनच राह्यल्या," कौसल्या पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "विमलताईले गाठ होती, मले आधीच ठाऊक होतं. म्या लपवलं. आता मले बी आहे. उद्या मी नागपूरले चालली."

रुपीबाईनं तोंडाला पदर लावला.

"अन् वाचन?" मागून कुणीतरी हळूच विचारलं.

मैत्रेयी, तिची लेक, डोळे पुसत उठली आणि ग्रंथासमोर येऊन बसली. "आई, कुठून?"

कौसल्येनं क्षणभर कान दिला. मग आपण थांबलो होतो ती ओळ सोडून, सहा ओळी खाली बोट ठेवलं.

मधल्या ओळी वाचून झाल्या होत्या.